कात्रणांच्या खोलीतून दिसलेला डोनोव्हन

नागपुरातल्या एका मराठी दैनिकाच्या संदर्भ विभागात मी सव्वीस वर्षे काम केले. सीताबर्डीच्या बाजूला असलेल्या त्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या लांबट खोलीत रोज सकाळी दहा-अकरा वर्तमानपत्रे समोर घेऊन बसायचे, लाल पेन्सिलीने बातम्यांवर खुणा करायच्या, कात्री चालवायची, मैद्याची खळ लावून कात्रण कोऱ्या कागदावर चिकटवायचे, वरच्या कोपऱ्यात पत्राचे नाव, तारीख आणि पृष्ठ लिहायचे, ते विषयाच्या पाकिटात टाकायचे आणि त्याची नोंद कार्डावर करायची, असा तो दिनक्रम होता. मे महिन्यात कूलर लावला की कात्रणे खोलीभर उडत आणि बंद केला की खळ ब्रशवरच वाळून जाई. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर आम्ही कन्हान नदीतून आणलेला एकेक गोटा ठेवत असू. आमचे विभागप्रमुख वयाने बरेच मोठे होते आणि सगळे त्यांना भाऊ म्हणत. एखाद्या नवख्या मुलाने तारीख न लिहिता कात्रण पाकिटात टाकले, तर ते बाहेर काढून भाऊ एवढेच विचारत, “तारीख नाही, पेपरचं नाव नाही, मग हे काहून ठेवलं बाबू?” आणि कात्रण रद्दीच्या टोपलीत जाई.

निवृत्तीनंतर दुसऱ्या महायुद्धाविषयी सलग वाचायचे मी ठरवले. अमेरिकेच्या युद्धकालीन हेरसंस्थेकडे मात्र मी जरा अनिच्छेनेच वळले, कारण विषप्रयोग, पॅराशूट आणि वेशांतर यांच्या कथांत मला फारसे स्वारस्य नव्हते. ‘ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस’ म्हणजेच ओएसएस या संस्थेच्या इतिहासात ते सगळे आहेच. पण त्या इतिहासाच्या मध्यावर मला कात्रणे, कार्डे आणि पाकिटे यांनी भरलेली एक प्रचंड खोली सापडली, आणि ती खोली उभी करणारा माणूस, संस्थेचा प्रमुख विल्यम डोनोव्हन, हातघाईच्या लढाईत नाव कमावलेला सैनिक होता. त्या माणसाविषयी आणि त्या खोलीविषयी मला लिहायचे आहे.

१९४० साली युरोप पेटलेला असताना अमेरिकेकडे परदेशांतील माहिती एकत्र करणारी एकही मध्यवर्ती संस्था नव्हती, ही गोष्ट आज खरी वाटत नाही. लष्कराचा गुप्तवार्ता विभाग वेगळा, नौदलाचा वेगळा, परराष्ट्र खात्याचे वकिलातींकडून येणारे अहवाल वेगळे आणि एफबीआयचे काम वेगळे; प्रत्येक जण आपले कागद आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवत असे. इतर देशांचे सांकेतिक संदेश उलगडणारे एक कार्यालय पहिल्या महायुद्धानंतर चालू होते, पण १९२९ मध्ये परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी त्याचा पैसा थांबवला आणि ते बंद पडले. सभ्य गृहस्थ एकमेकांची पत्रे वाचत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. हेच स्टिम्सन १९४० मध्ये युद्धमंत्री झाले आणि शत्रूची पत्रे वाचण्याची गरज त्यांच्याइतकी कोणालाच भासली नसेल.

विल्यम डोनोव्हन यांचा जन्म १ जानेवारी १८८३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या शहरात एका आयरिश कॅथलिक कुटुंबात झाला. कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या आयरिश पलटणीचे अधिकारी म्हणून ते फ्रान्समध्ये लढले आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये पायाला गोळी लागूनही मागे न हटता त्यांनी आपल्या सैनिकांचे नेतृत्व केले. त्याबद्दल अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक, ‘मेडल ऑफ ऑनर’, त्यांना मिळाले. ‘वाइल्ड बिल’ हे टोपणनाव त्यांना आयुष्यभर चिकटले. युद्धानंतर ते न्यूयॉर्कमधील मोठे वकील झाले आणि १९३२ मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाचे फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. म्हणजे पुढे ज्यांनी डोनोव्हन यांच्या हाती ही संस्था सोपवली, ते रूझवेल्ट त्यांचे राजकीय विरोधक होते. वकिलाच्या सवयी त्यांच्यात मुरलेल्या होत्या, हे मला त्यांच्या शौर्याइतकेच महत्त्वाचे वाटते. खटला उभा करायचा तर आधी कागद जमवावे लागतात, ते क्रमाने लावावे लागतात आणि न्यायाधीशापुढे दहा मिनिटांत मांडता येतील इतके आटोपशीर करावे लागतात.

जुलै १९४० मध्ये, फ्रान्स पडल्यानंतर महिनाभरातच, रूझवेल्ट आणि नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांनी डोनोव्हन यांना लंडनला पाठवले. ब्रिटन तग धरेल का, हा प्रश्न होता आणि तेथील अमेरिकी राजदूत जोसेफ केनेडी यांचे मत निराशेचे होते. डोनोव्हन चर्चिल यांना भेटले, गुप्तचर विभागाचे प्रमुख स्टुअर्ट मेंझिस आणि नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे अ‍ॅडमिरल गॉडफ्री यांना भेटले, आणि ब्रिटन टिकेल, त्याला मदत करा, असा निर्वाळा त्यांनी परत येऊन दिला. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते भूमध्य समुद्राच्या परिसरात आणि बाल्कन देशांत फिरून आले. १० जून १९४१ रोजी त्यांनी रूझवेल्ट यांना एक टिपण दिले. विश्वसनीय माहितीवाचून युद्धनीती पांगळी असते आणि नीतीच्या हेतूने लावलेली नसेल तर माहितीही निरुपयोगी असते, असा त्याचा आशय होता. त्याच टिपणात, देशातील ग्रंथालयांत, विद्यापीठांत आणि सरकारी दप्तरांत विखुरलेले ज्ञान तज्ज्ञांकडून एकत्र अभ्यासले जावे, ही सूचनाही होती.

११ जुलै १९४१ रोजी रूझवेल्ट यांनी ‘कोऑर्डिनेटर ऑफ इन्फर्मेशन’, म्हणजे माहितीचा समन्वयक, हे नवे पद निर्माण करून डोनोव्हन यांना त्यावर नेमले. पदाचे नाव इतके साधे होते की वाचणाऱ्याला ते एखाद्या माहिती केंद्राच्या अधिकाऱ्याचे वाटावे. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि सुमारे २,४०० अमेरिकी माणसे मृत्युमुखी पडली. जपानच्या हालचालींचे संकेत वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडून होते, पण ते एकाच टेबलावर, एकाच माणसापुढे, वेळेवर आले नाहीत. १३ जून १९४२ रोजी समन्वयकाच्या कार्यालयाचे दोन भाग झाले: उघड प्रचाराचे काम नव्या युद्धमाहिती कार्यालयाकडे गेले आणि उरलेले सगळे ओएसएस या नावाने सेनाप्रमुखांच्या समितीखाली आले. ऐन भरात या संस्थेत सुमारे १३,००० माणसे होती.

या संस्थेच्या अनेक शाखा होत्या. गुप्त बातम्या मिळवणारी एक, घातपात करणारी एक, शत्रूचे हेर पकडणारी एक. माझा जीव गुंतला तो ‘रिसर्च अँड अ‍ॅनॅलिसिस’ या शाखेत. हार्वर्डचे इतिहासकार विल्यम लँगर तिचे प्रमुख होते आणि तिच्यात इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, भाषा अशा विषयांचे सुमारे ९०० अभ्यासक होते. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडलेले फ्रांझ नॉयमान आणि हर्बर्ट मार्कुझ यांच्यासारखे विचारवंत तेथे बसून आपल्याच जुन्या देशाचे विश्लेषण करत होते. आफ्रिका विभाग येल विद्यापीठाचे शर्मन केंट पाहत. नोव्हेंबर १९४२ मध्ये दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरणार होते. त्याआधी केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवसरात्र काम करून मोरोक्को, अल्जेरिया आणि ट्युनिशिया यांच्यावरचे अहवाल तयार केले. त्यांत बंदरे होती, रस्ते होते, आणि रेल्वेची तर बारीकसारीक माहिती होती. त्यातील पुष्कळशी माहिती कोणी जीव धोक्यात घालून चोरलेली नव्हती. ती ग्रंथालयांत, व्यापारी नियतकालिकांत आणि जुन्या अहवालांत पडून होती, आणि ती योग्य क्रमाने लावणारी माणसे तेवढी हवी होती. आपल्या मनमाड, भुसावळ, बडनेरा, नागपूर या मार्गाचे वेळापत्रक आणि मालधक्क्यांची यादी पुढे ठेवली, तर जाणता माणूस विदर्भातून कोणत्या दिवशी किती कापूस बाहेर जातो याचा अदमास बांधू शकतो. हे तसेच होते.

आता ती खोली. ओएसएसच्या मध्यवर्ती माहिती विभागाची रचना विल्मार्थ लुईस यांच्याकडे होती. हे गृहस्थ सैनिक नव्हते, मुत्सद्दी नव्हते. अठराव्या शतकातील इंग्रज लेखक होरेस वॉल्पोल यांचे कागदपत्र जमवणे आणि त्यांच्या पत्रव्यवहाराची सटीप आवृत्ती काढणे, हा त्यांचा ध्यास होता. एकाच लेखकाच्या हजारो पत्रांतील माणसे, गावे, घरे आणि घटना यांच्या उलटसुलट नोंदी ठेवण्याची त्यांना सवय होती आणि तीच पद्धत त्यांनी युद्धाच्या कागदांना लावली. एका अहवालात एखाद्या कारखान्याचा, पुलाचा किंवा अधिकाऱ्याचा ओझरता उल्लेख आला, तरी त्याचे स्वतंत्र कार्ड तयार होई आणि ज्याला तो कारखाना हवा त्याला तो अहवाल मिळे. युद्ध संपेपर्यंत तेथे सुमारे ३० लाख कार्डे, १० लाख नकाशे आणि ३ लाख छायाचित्रे जमली होती. आमच्या खोलीतील कार्डांचा आकार तीन इंच बाय पाच इंच होता, त्यांचाही तोच. ३० लाख हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवले आणि आमच्या सहा लाकडी खणांतील कार्डे आठवली. एक कार्ड नीट लिहायला किती वेळ लागतो, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. त्या ३० लाखांतील प्रत्येक कार्ड कोणीतरी बसून लिहिले किंवा टंकलिखित केले होते.

शत्रूची वर्तमानपत्रे मिळवण्याचे काम तर माझ्या धंद्याच्या आणखी जवळचे आहे. युद्ध सुरू झाल्यावर जर्मनी आणि इटलीची नियतकालिके अमेरिकेत येईनाशी झाली. त्यासाठी परदेशी प्रकाशने मिळवणारी एक आंतरविभागीय समिती नेमण्यात आली आणि तिचे काम फ्रेडरिक किलगूर या हार्वर्डच्या तरुण ग्रंथपालाने हाती घेतले. लिस्बन, स्टॉकहोम अशा तटस्थ शहरांत या समितीची माणसे बसली. स्टॉकहोममध्ये अडेल किब्री नावाची विदुषी होती. मध्ययुगीन लॅटिन हा तिचा विषय आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयातील हस्तलिखितांची सूक्ष्मचित्रे काढण्याचा तिला अनुभव होता. तीच तिथे जर्मन वृत्तपत्रे, तांत्रिक मासिके आणि व्यापारी याद्या मिळवून त्यांची मायक्रोफिल्म करून पाठवू लागली. उघड दुकानात मिळणारे छापील कागद, पण वॉशिंग्टनमधल्या अभ्यासकांसाठी ते सोन्याच्या मोलाचे होते.

नागपूरकरांना माहितीची ही ताकद नवी नाही. बहिर्जी नाईकांचे नाव मराठी मुलांना शाळेतच कळते, पण आमच्या शहराच्या इतिहासात दुसऱ्याही प्रकारची हेरगिरी होऊन गेली आहे. सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांच्या राज्याचा कारभार पाहणारे ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांनी १८२७ मध्ये या राज्यावर एक सविस्तर अहवाल लिहिला. जमीन, पिके, जाती, सारा, व्यापार, सगळे त्यात आहे. मी तो अहवाल पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यातील नोंदींच्या नेटकेपणाने मला थक्क केले आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. आपल्याच गावाची इतकी व्यवस्थित नोंद परक्याने केली, म्हणजे राज्य त्याच्या हातात आधीच गेलेले होते.

ओएसएसचा आपल्या देशाशी आलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. आसाममधील नाझिरा येथे तिच्या १०१ क्रमांकाच्या तुकडीचा तळ होता आणि तेथून उत्तर ब्रह्मदेशात काचिन लोकांच्या साहाय्याने जपान्यांविरुद्ध लढाई चालवली गेली. वॉशिंग्टनमध्ये भारतविषयक अभ्यास संस्कृतचे पंडित नॉर्मन ब्राऊन पाहत. युद्धानंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग त्यांनीच उभा केला. ओएसएसचे लंडनमधील प्रमुख विल्यम फिलिप्स यांना रूझवेल्ट यांनी आपले व्यक्तिगत प्रतिनिधी म्हणून दिल्लीला पाठवले. जानेवारी १९४३ मध्ये ते आले. तेव्हा ऑगस्ट १९४२ च्या चिमूर आणि आष्टीच्या उठावांना जेमतेम पाच महिने झाले होते. वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम बापूंविना होता, कारण बापू पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. १० फेब्रुवारीला त्यांनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले आणि फिलिप्स यांनी त्यांना भेटण्याची परवानगी मागितली; व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ती दिली नाही. भारतीयांना स्वातंत्र्याची खात्री मिळाल्याशिवाय ते हे युद्ध आपले मानणार नाहीत, असे फिलिप्स यांनी रूझवेल्ट यांना स्पष्ट लिहिले. १९४४ मध्ये ते पत्र अमेरिकी वृत्तपत्रात फुटले आणि ब्रिटनमध्ये गदारोळ झाला. गुप्तवार्तेच्या संस्थेत काम केलेल्या माणसाने वस्तुस्थिती जशी दिसली तशी आपल्या प्रमुखाला कळवली, या एका गोष्टीसाठी मला फिलिप्स यांच्याबद्दल आदर वाटतो.

डोनोव्हन निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. कारभाराची शिस्त त्यांच्यात कमी होती; एकाच वेळी दहा कल्पना उचलायच्या आणि त्यांतल्या किती तडीस गेल्या याकडे पाहायचे नाही, अशी त्यांची पद्धत होती. संस्थेचा प्रमुख म्हणून स्वतः पकडले जाण्याचा धोका असतानाही ते जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, ते मला बेजबाबदारपणाचे वाटते. मार्च १९४४ मध्ये इटलीत रेल्वेमार्ग उडवण्यासाठी उतरलेले संस्थेचे १५ गणवेशधारी सैनिक पकडले गेले आणि जर्मन जनरल अँटोन डोस्टलर याच्या हुकुमाने त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. युद्धानंतर डोस्टलरलाही त्या गुन्ह्यासाठी गोळ्या घातल्या गेल्या. धाडसाच्या योजना आखताना किती प्राण पणाला लागतात, हे त्या १५ जणांच्या बाबतीत दिसते.

पण माझ्या मनाला अधिक लागलेली चूक दुसरी आहे. १९४४ च्या अखेरीस रोममध्ये ओएसएसला व्हॅटिकनमधील गुप्त संभाषणांचे वृत्तांत मिळू लागले. जपान शांततेसाठी काय बोलणी करत आहे, हे त्यांत होते आणि ते थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचवले जात. ते सगळे व्हर्जिलिओ स्कातोलिनी नावाच्या माणसाने घरी बसून रचलेले होते. व्हॅटिकनमधील अमेरिकी प्रतिनिधी मायरन टेलर यांची जपानी दूताशी भेट झाल्याचा वृत्तांत आला, तेव्हा टेलर यांनी अशी भेट झालीच नसल्याचे सांगितले आणि मग डोळे उघडले. ज्या संस्थेकडे ३० लाख कार्डे होती, तिने हा कागद कोठून आला, कोणी पाहिला, दुसरा आधार काय, हे वेळेत विचारले नाही. हे वाचताना मला भाऊंचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

संस्थेत सुमारे ४,५०० स्त्रिया होत्या. त्यांपैकी व्हर्जिनिया हॉलचे नाव सर्वत्र घेतले जाते आणि ते योग्यच आहे. लाकडी पाय लावून ती व्यापलेल्या फ्रान्समध्ये काम करत होती. पण डोनोव्हन यांनीच पुढे लिहिल्याप्रमाणे बहुतेक स्त्रियांनी युद्धाची वर्षे वॉशिंग्टनमध्ये मेजांमागे आणि फाइलींच्या कपाटांमागे काढली. ज्युलिया मॅकविल्यम्स ही त्यांतली एक. डोनोव्हन यांच्या कार्यालयात ती हजारो नावे कार्डांवर टंकलिखित करत असे. पुढे सिलोनमध्ये कँडी येथे गुप्त कागदपत्रांचे नोंदणीदप्तर तिने सांभाळले. युद्धानंतर ती ज्युलिया चाइल्ड या नावाने पाककलेसाठी अमेरिकेत घराघरांत पोहोचली, म्हणून तिचे नाव आपल्याला कळते. तिच्या शेजारच्या मेजांवर बसणाऱ्या मुलींची नावे कोणी विचारत नाही. आमच्या खोलीतही चौघी होतो. अग्रलेखात आमच्या कात्रणांतील आकडे येत. ते बरोबर असत, याचा आम्हाला मनापासून अभिमान होता.

युद्धानंतरही ही संस्था शांतताकाळात टिकावी, अशी डोनोव्हन यांची इच्छा होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांचा प्रस्ताव वृत्तपत्रांत फुटला आणि हे तर अमेरिकेचे गेस्टापो, म्हणजे नाझींसारखे गुप्त पोलीस दल, होईल, असा ओरडा झाला. एप्रिलमध्ये रूझवेल्ट गेले. नवे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २० सप्टेंबर १९४५ रोजी संस्था बरखास्त करण्याच्या आदेशावर सही केली आणि १ ऑक्टोबरपासून ती संपली. हेरगिरीच्या शाखा युद्धखात्याकडे गेल्या, संशोधनाची शाखा परराष्ट्र खात्याकडे. दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, सीआयएची स्थापना झाली, पण डोनोव्हन यांना तिच्या प्रमुखपदी कोणी बोलावले नाही. १९५३-५४ मध्ये ते थायलंडमध्ये राजदूत होते आणि ८ फेब्रुवारी १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनंतर आपल्या देशाने २१ सप्टेंबर १९६८ रोजी रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली परदेशी गुप्तवार्तेची संस्था उभी केली, तेव्हा तिच्या नावातही ‘रिसर्च’ आणि ‘अ‍ॅनॅलिसिस’ हेच दोन शब्द आले. लँगर यांच्या शाखेशी त्याचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही, पण रॉ हे नाव ऐकताना त्यातील पहिल्या दोन शब्दांचा अर्थ आपण किती क्वचित लक्षात घेतो, हे मला जाणवले.

फ्रेडरिक किलगूर पुन्हा ग्रंथालयात परतले. १९६७ मध्ये त्यांनी ओहायो राज्यातील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांची सूची संगणकाने जोडण्याचे काम सुरू केले आणि त्यातूनच जगभरातील ग्रंथालयांची ती विशाल सूची तयार झाली, जी आज कोणीही घरबसल्या उघडू शकते. गेल्या महिन्यात मी तिच्यात वऱ्हाडातील कापसाच्या बाजारांवरचे एक जुने मराठी पुस्तक शोधले. ते नागपुरात छापलेले होते आणि आमच्या विभागातली त्याची प्रत वाळवीने खाल्ली होती. पडद्यावर नोंद आली: लेखक, मुद्रणस्थळ नागपूर, वर्ष, पृष्ठे. खाली ते ज्या ग्रंथालयांत आहे त्यांची नावे होती आणि त्यांत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ होते. मी एक कोरे कार्ड घेतले आणि ती नोंद, पाहिल्याच्या तारखेसह, लिहून ठेवली.